पिकअपला जादा लाईट बसवताय? आधी गाडीत माल भरा, मग लाईट सेट करा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी दुकानामागच्या भिंतीवर खडूने रेषा मारून पिकअपचा लाईट सेट करून दाखवला. व्हिडिओत सगळे आकडे सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून पूर्ण हिशोब इथे लिहितोय. तुमच्यापैकी बरेच जण पहिली पिकअप घ्यायच्या तयारीत आहात. कुणाला डहाणू-घोलवडचा चिकू न्यायचाय, कुणाला सातपाटीची मासळी, कुणाला तारापूर एमआयडीसीतला माल. यातला बराच धंदा रात्रीच चालतो. संध्याकाळी माल भरायचा आणि पहाटेच्या आधी बाजार गाठायचा. म्हणजे गाडी तुमचं दुकान असेल, तर हेडलाईट हा त्या दुकानाचा दिवा. तो नीट लागलाच पाहिजे.

आधी माझी चूक सांगतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी मी जुनी पिकअप घेतली. दिवसा पाममधलं दुकान आणि आठवड्यातून तीन-चार रात्री वाशीचं भाडं. रस्ता नीट दिसत नाही म्हणून केबिनच्या टपावर एक लांबलचक एलईडी बार बसवून घेतला. दिवसासारखा उजेड पडायचा. मी खूश.

एका रात्री बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाताना नागझरीच्या पुढे समोरून बाईक आली. नवरा-बायको आणि मध्ये लहान पोरगं. माझ्या उजेडात त्यांना काहीच दिसेना. बाईक डांबर सोडून साईडपट्टीच्या मातीत गेली आणि आडवी झाली. मी थांबून धावलो. नशिबाने खरचटण्यावर निभावलं. तो माणूस भांडला नाही. पोराला कडेवर घेत एवढंच म्हणाला, "दादा, तुम्हाला दिसावं म्हणून आम्हाला आंधळं केलंत."

दुसऱ्या दिवशी बार काढला. मग पहिल्यांदा नीट अभ्यास केला, आणि कळलं की मला दिसत नव्हतं त्याचं कारण लाईट कमी असणं हे नव्हतंच.

पहिला हिशोब: आपल्याला किती लांबचं दिसायला हवं?

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर संपले. त्यानंतर भरलेली पिकअप कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून २५-३० मीटर घेते. एकूण ५० ते ५५ मीटर.

आता वेग ८० करा. विचार करण्यातच ३३ मीटर जातात. ब्रेकचं अंतर तर पावणेदोन पटीच्या जवळ जातं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. एकूण ८० मीटरच्या आसपास. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

चांगल्या स्थितीतल्या हॅलोजन डिप्परचा कामाचा उजेड साधारण ५० मीटरपर्यंत असतो. आपल्याकडे रात्रपाळी सुटली की काळ्या पँटीत चालणारे, रिफ्लेक्टर नसलेल्या सायकलवर जाणारे कामगार रस्त्याच्या कडेला असतात. पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून गुरं डांबरावर बसलेली असतात. काळा रंग उजेड परत पाठवत नाही, म्हणून ही माणसं आणि जनावरं अजून उशिरा दिसतात. अर्थ सरळ आहे. डिप्परवर ८० ने जाणं म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवणं. कोणताही जादा लाईट हा हिशोब पूर्ण पुसू शकत नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा, मग खिशात हात घाला.

दुसरं: गाडीत आहेत ते लाईट आधी दुरुस्त करा

धंद्याचा साधा नियम आहे, नवीन मशीन घेण्याआधी जुनं पूर्ण क्षमतेने चालतंय का ते बघायचं. लाईटलाही तोच नियम.

१. काच. हेडलाईटची प्लास्टिक काच पिवळी पडली, धुरकट झाली की उजेड आतच विखुरतो. पॉलिश करून घ्या. फारच खराब असेल तर बदला.

२. अर्थिंग आणि व्होल्टेज. आपण समुद्राजवळ राहतो. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात आणि बॅटरीपासून बल्बपर्यंत जाता जाता व्होल्टेज गळतं. हॅलोजनला १२ च्या ऐवजी ११ व्होल्ट मिळाले तर उजेड साधारण पाव हिश्श्याने कमी होतो. फक्त १ व्होल्टने एवढा फरक! वायरमनला लाईट चालू ठेवून बल्बच्या पिनवर मीटर लावायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

३. बल्ब. साधारणपणे एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्पर ६० आणि डिप्पर ५५. बाजारात १००/९० वॅटचा मिळतो आणि दुकानदार सांगतो, "लावून टाका, काही होत नाही." होतं. गाडीची मूळ वायर आणि स्विच तेवढ्या करंटसाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर जळतो, आणि वाईट दिवशी आग लागते.

४. हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब. हाही टाळा. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक तारेची जागा धरून बनवलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराचा एलईडी घातला की उजेडाची कापलेली कड राहत नाही, तो सगळीकडे उधळतो. तुम्हाला जवळचं पांढरंफटक दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

माझ्या गाडीत यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी बिघडलेल्या होत्या. त्या दुरुस्त केल्यावर अर्धं काम झालं.

तिसरं: जादा लाईट घ्यायचाच तर कोणता?

जादा लाईटचे ढोबळ तीन प्रकार समजा. पहिला फॉग लॅम्प. याचा उजेड रुंद, आखूड आणि वरून सरळ कापलेला असतो. रस्त्याची कड, खड्डा, साईडपट्टी दाखवणं हे याचं काम. दुसरा लांब पल्ल्याचा ड्रायव्हिंग लॅम्प, त्याचा उजेड अरुंद आणि दूर जाणारा. तिसरा एलईडी बार किंवा चौकोनी वर्क लाईट. हे शेतात, खाणीत, माल उतरवताना वापरण्यासाठी आहेत. त्यांच्या उजेडाला वरची कड नसते, म्हणून रस्त्यावर ते समोरच्याच्या डोळ्यात जातातच.

बोईसर-चिल्हार किंवा वाघोबा खिंडीतून जाणारा पालघर-मनोर रस्ता घ्या. समोरून सतत गाड्या, वळणं, कडेला माणसं. इथे तुम्ही बहुतेक वेळ डिप्परवरच असता. लांब पल्ल्याचा लाईट इथे लावताच येत नाही. म्हणून आपल्या कामाला चांगल्या फॉग लॅम्पची एक जोडी पुरते. दुसरं काही नको.

घेताना हे तपासा:

वॅटवर जाऊ नका. बॉक्सवर "१०० वॅट" लिहिलेलं असतं. दुकानातच १२ व्होल्टवर लावून करंट मोजायला सांगा. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर. मीटरवर दीड ॲम्पिअर आलं तर तो लाईट १८ वॅटचा आहे, बॉक्स काहीही म्हणो.

काचेवरची खूण बघा. वर्तुळात "ई" हे इंग्रजी अक्षर आणि त्याच्या शेजारी आकडा असेल, तर ती युरोपीय मानकाची मान्यता. सोबत "बी" किंवा "एफ ३" असेल तर तो पुढचा फॉग लॅम्प म्हणून तपासलेला आहे. खूण नसलेला लाईट म्हणजे नुसता दिवा.

आयपी ६७ मागा. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आपल्या पावसाला आणि पाणी साचलेल्या रस्त्याला हे लागतंच.

रंग पांढरा किंवा पिवळा चालतो. फक्त निळसर, म्हणजे ६००० केल्विनच्या वरचा घेऊ नका. पावसात त्याची चमक परत आपल्याच डोळ्यात येते. आणि पिवळा घेतला म्हणजे धुकं फाटतं असंही नाही. धुक्यात खरा फायदा लाईट खाली बसवल्याने होतो.

चौथं: कायदा काय म्हणतो?

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीची फिटनेस तपासणी करून घ्यावीच लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढचा लाईट कायम खाली झुकलेला हवा. लाईटपासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू शकता कामा नये. नीट बघा, दीड मीटर ही जवळपास बाईकवाल्याच्या डोळ्यांची उंची आहे. नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट लावायला मनाई आहे, खास कारणासाठी नोंदणी अधिकाऱ्याने परवानगी दिली तरच सूट.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाने बदल करायला बंदी घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने याच कलमाच्या आधारे राज्यांना क्रॅश गार्ड, म्हणजे बंपरपुढचे लोखंडी पाईप, यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. म्हणून "आधी गार्ड लावा, त्यावर लाईट लावा" हा सल्ला ऐकू नका.

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने स्वतः दिलेली फॉग लॅम्पची जोडी घेणं. बऱ्याच बंपरमध्ये त्याची जागा आधीच असते, फक्त झाकण लावलेलं असतं. बिल जपून ठेवा.

पाचवं: कुठे आणि कसा बसवायचा?

फॉग लॅम्प बंपरमध्ये, जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटर उंचीच्या दरम्यान आणि डिप्परच्या खालीच. गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४० सेंटिमीटरच्या आत. दोन्ही बाजू सारख्या. पत्रा हलत असेल तिथे बसवू नका, उजेड थरथरला की डोळे लवकर थकतात. नट-बोल्ट स्टेनलेसचे आणि स्प्रिंग वॉशर घालून.

वायरिंग साधं आहे, पण वायरमन शॉर्टकट मारतात म्हणून तुम्हाला माहीत हवं. हेडलाईटच्या वायरला काप देऊन जोड मारू द्यायचा नाही. लाईटचा करंट थेट बॅटरीकडून, फ्यूज आणि रिलेमधूनच यायला हवा. रिलेच्या पिना अशा:

३० नंबर: बॅटरीच्या प्लसकडून, मध्ये फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा.
८७ नंबर: लाईटकडे.
८६ नंबर: डॅशबोर्डवरच्या स्विचकडून. या स्विचला पार्किंग लाईटचा पुरवठा द्या, म्हणजे गाडीचे लाईट बंद केले की फॉगही बंद, बॅटरी उतरत नाही.
८५ नंबर: चेसिसला अर्थ. रंग खरवडून, घट्ट.

फ्यूज कितीचा? २० वॅटचे दोन एलईडी म्हणजे ४० वॅट. ४० भागिले १२, साधारण साडेतीन ॲम्पिअर. त्याच्या दीडपट धरून ५ ॲम्पिअरचा फ्यूज. ५५ वॅटचे दोन हॅलोजन असतील तर ११० भागिले १२, म्हणजे ९ च्या थोडं वर, तिथे १५ चा. वायर दीड चौरस मिलिमीटर एलईडीला भरपूर झाली, हॅलोजनला अडीच घ्या. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालायची नाही. फ्यूज का उडतोय ते शोधायचं.

जोडांवर पाणी न जाणारे कनेक्टर वापरा आणि पिनांवर थोडी पेट्रोलियम जेली. वायर प्लास्टिकच्या नळीतून न्या. खाऱ्या हवेत उघडी वायर दोन पावसाळेही काढत नाही.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं: माल भरून सेटिंग

आता मूळ मुद्दा. गॅरेजमध्ये लाईट सेट होतो तेव्हा हौदा रिकामा असतो. आपण रस्त्यावर जातो तेव्हा हौद्यात टनभर माल असतो. मागचे पाटे दबतात, मागची बाजू खाली बसते आणि नाक वर जातं. नाक वर गेलं की लाईटही वर.

किती वर? पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३ मीटर अंतर आहे. माल भरल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा ६ सेंटिमीटर जास्त बसली, तर गाडी २ टक्क्यांनी कलली. डिप्पर रिकाम्या गाडीत साधारण १ टक्का खाली सेट असतो, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर खाली. उणे १ आणि अधिक २, म्हणजे लाईट १ टक्का वर गेला. ५० मीटरवर तो अर्धा मीटर वर चढतो. हेडलाईट जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर धरा, अधिक ५०, झाले १ मीटर ४० सेंटिमीटर. थेट समोरच्या बाईकवाल्याच्या डोळ्यांत. तेही डिप्परवर!

हीच माझी दुसरी चूक होती. उजेड झाडांवर पडत होता, रस्त्यावर पडतच नव्हता. म्हणून मला दिसत नव्हतं, आणि त्यावर उपाय म्हणून मी टपावर अजून उजेड चढवला.

सेटिंग असं करा. रात्री, सपाट जागेवर, भिंतीपासून बरोबर १० मीटरवर गाडी उभी करा. टायरची हवा नीट, ड्रायव्हर सीटवर बसलेला, हौद्यात तुमचा नेहमीचा रात्रीचा माल. जमिनीपासून हेडलाईटच्या मध्यापर्यंत उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेषा मारा. तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी रेषा. डिप्परच्या उजेडाची वरची कड दुसऱ्या रेषेवर यायला हवी. हेडलाईटवर कंपनीने वेगळा टक्का छापला असेल तर तोच धरा. मग फॉग लॅम्पच्या मध्याची उंची मोजा, त्याची कड त्या उंचीच्या २० सेंटिमीटर खाली. स्क्रू फिरवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या जुळवा, एका बाजूचं सेट करताना दुसरी झाका.

तुमच्या डॅशबोर्डवर लाईट खाली-वर करायची ० ते ३ आकड्यांची चकती असेल, तर काम सोपं. रिकाम्या गाडीत ० वर सेट करा, मग माल भरून कोणत्या आकड्यावर कड रेषेवर येते ते बघून चकतीशेजारी खूण करा. माल भरला की फिरवायची, रिकामी झाली की ० वर. चकती नसेल तर भरलेल्या गाडीवर सेट करा. येताना रिकाम्या गाडीत उजेड जवळ पडेल, तेव्हा वेग कमी ठेवा.

सातवं: आपण इतरांना दिसतोय का?

मागचे लाईट, नंबरप्लेटचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह टेप रोज पुसा. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. गाडी हायवेच्या कडेला बंद पडली तर तुमचा जीव याच टेपवर असतो. हौद्यावर माल उतरवायला पांढरा लाईट लावला असेल तर गाडी चालू लागताच तो बंद. मागे पांढरा उजेड दिसला की मागून येणाऱ्याला वाटतं गाडी रिव्हर्स येतेय.

शेवटी खर्च

समजा काच पॉलिश, वायरिंग, रिले आणि फॉगची बरी जोडी धरून ६,००० रुपये गेले. दुकानानुसार आकडा बदलेल, तुमचा तुम्ही घाला. तीन वर्षं टिकलं आणि वर्षाला २०० रात्री गाडी चालली, तर ६०० रात्री. रात्रीला १० रुपये पडले. भाड्याचा दर काढताना हे १० रुपये डिझेल आणि टोलसोबत लिहा. माझ्या क्लासमध्ये मी नेहमी सांगतो, जो खर्च वहीत येत नाही तो धंद्यात कधीच होत नाही. लाईटची देखभाल अशीच राहून जाते.

सेटिंगचा खर्च मात्र शून्य आहे. एक टेप, एक खडू, एक भिंत आणि अर्धा तास. माझ्याकडे तो अर्धा तास असता, तर त्या रात्री ते पोरगं मातीत पडलं नसतं.

पुढच्या वेळी माल भरला की निघण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करा आणि उजेडाची कड कुठे येते ते बघा. पुढच्या आठवड्यात परतीच्या फेरीला भाडं कसं मिळवायचं त्यावर बोलू.

रात्रीच्या रस्त्याला सांभाळून. भेटू या!